आठशे अडखळते तेव्हा

मारुती आठशेचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात मात्र ती अजून रोज कामाला जाते. डाळिंबाच्या बागेपर्यंतचा मातीचा रस्ता, पंढरपूरचा दवाखाना, लग्नकार्य, रविवारचा जनावरांचा बाजार, सगळीकडे ती दिसते. पाटी एमएच १३ नाहीतर ४५, आणि मालक बहुधा तिसरा किंवा चौथा. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. तेव्हापासून या गाडीचा जीव एकाच गोष्टीत आहे: सुझुकीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं छोटं इंजिन. ओम्नीतही तेच बसवलं गेलं. आठशेचं बॉनेट उघडलं की जवळपास सगळं हाताला लागतं, म्हणून म्हातारी झाली तरी गॅरेजवाले तिला नाही म्हणत नाहीत.

तिची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार पिकअपची. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग एक आचका बसतो आणि मग गाडी पळते. ट्रक मागे असताना हमरस्त्यावर चढताना तो क्षण जिवावर बेतू शकतो. अशी गाडी आली की काही ठिकाणी प्लग बदल, कॉइल बदल, कार्बोरेटरच नवा टाक, असा सपाटा सुरू होतो. जुन्या गाडीच्या किमतीपुढे हा खर्च मोठा असतो, आणि दोष बरेचदा तसाच राहतो. बाजारात बैल पारखणारा माणूस नुसते दात बघून थांबत नाही, त्याला चालवून बघतो. चांगला मिस्त्रीही पाना उचलण्याआधी प्रश्न विचारतो.

‘‘मालक, कवा अडखळती? गार असताना का तापल्यावर?’’

‘‘कवाबी. एकदम रेस दिली की झटका मारती.’’

‘‘आन् चढाला?’’

‘‘चढाला काय तरास न्हाई.’’

एवढ्यात निम्मं निदान होतं. लांब चढावर किंवा वेगात दम तुटत असेल, तर इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. टाकीतला गंज, तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप बघायचा. फक्त सकाळी कुरकुर असेल तर चोक. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर इंजिन ठीक आहे, क्लच घसरतोय. आणि एकदम पाय दाबल्यावरच झटका बसत असेल, तर नजर थेट कार्बोरेटरच्या अ‍ॅक्सिलेटर पंपावर जायला हवी.

हा पंप मला या यंत्रातला सगळ्यात हुशार भाग वाटतो. थ्रॉटल उघडला की हवा तत्काळ आत धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. तेवढा वेळ मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळतं. ती पोकळी भरायला हा छोटा पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो. तपासायला कसलंही यंत्र लागत नाही. इंजिन बंद करायचं, एअर फिल्टर काढायचा, कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघत थ्रॉटल हातानं झटकन उघडायचा. बारीक धार लगेच दिसली पाहिजे. धार उशिरा आली, तुटक आली किंवा आलीच नाही, तर पंपाचं रबर गेलंय किंवा नळीत कचरा आहे. एअर फिल्टर काढलेलाच आहे, तर तोही उजेडात धरून बघावा. इथल्या धुळीत तो कंपनीनं सांगितलेल्या मुदतीआधीच भरतो.

पंप चांगला निघाला आणि गाडी उभ्या जागीही थरथरत असेल, तर तीनातला एक सिलिंडर काम करत नसेल. एक गेला म्हणजे ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. स्लोवर चालू असताना रबरी मुठीच्या पकडीनं प्लगची एकेक वायर काढायची. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. मग त्याचा प्लग बघायचा. तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, तेलकट ओला म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हची सील गेली. हवा खेचत असल्याची शंका आली तर मॅनिफोल्डच्या सांध्यांवर थोडं पाणी शिंपडायचं. इंजिनाचा सूर बदलला की गळती तिथंच.

अलीकडे यात इथेनॉलची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला येऊ लागलं. एक भाग पेट्रोल जाळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. कार्बोरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे, त्याला हा बदल कळत नाही. मिश्रण पातळ होतं आणि आधीचा किरकोळ आचका ठळक होतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला मानवत नाही आणि टाकीतला साचलेला मळ सोडवून फिल्टरात आणतं. साखर कारखान्यांच्या सोलापूर जिल्ह्यात इथेनॉलला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पण जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाची रबरं इथेनॉल सोसणारी बसवायला हवीत, आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नये. मिक्श्चरचा स्क्रू फिरवून हे निस्तरत नाही. तो मुख्यतः स्लो सांभाळतो. पळतानाचं मिश्रण मेन जेट ठरवतो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकल्यावर गाडी सुधारली, तर दुखणं उष्णतेचं, कार्बोरेटर खोलायची गरज नाही.

हे सगळं कार्बोरेटरच्या गाडीचं. २००० च्या सुमारास आलेल्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या, आठशेत अ‍ॅक्सिलेटर पंप नाही; तिथं थ्रॉटल आणि दाबाचे सेन्सर संगणकाला खबर देतात. त्या गाडीत प्लगच्या वायरी काढून इंजिन चालवू नये, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. तिला आधी स्कॅनर लावायचा, आणि कोड आला नाही तर पुन्हा एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि प्लगपासूनच सुरुवात करायची.