विश्लेषण : सहकुटुंब अंदमानला जाताना चार बेटांपेक्षा एकच बेट का बरे?

डिसेंबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील या दोन बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. हीच प्रणाली पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ होऊन चेन्नईवर आदळली. इतका बिकट प्रसंग क्वचितच येतो, पण खराब हवेमुळे एखाददुसरी फेरी रद्द होणे तिथे नवे नाही. तरीही ‘सहा दिवसांत चार बेटे’ असे आराखडे सर्रास आखले जातात. सोबत आजी-आजोबा आणि लहान मुले असतील, तर अशी सहल विश्रांतीपेक्षा धावपळीचीच ठरते. मग आखणी कशी करावी?

कोणते बेट निवडावे?

अंदमान-निकोबार समूहात लहान-मोठी बेटे आणि खडक मिळून संख्या ८३६ भरते. वस्ती मात्र तीसेक बेटांवरच आहे. निवांत कौटुंबिक सहलीसाठी त्यातले सोयीचे म्हणजे नील, म्हणजेच आजचे शहीद द्वीप. डिसेंबर २०१८ मध्ये नीलचे नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले. बोटीच्या तिकिटावर आणि बोलण्यात दोन्ही नावे आढळतात, हे आरक्षण करताना लक्षात ठेवावे.

पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून श्री विजयपुरम) हे बेट सुमारे ३६ किलोमीटरवर आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने सहज जाता येते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची ही वसाहत. गावांची आणि किनाऱ्यांची नावे रामायणातली : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. भातशेती आणि भाजीपाला इथेच पिकतो, त्यामुळे शाकाहारी कुटुंबाचीही आबाळ होत नाही. भारतीयांना इथे येण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही.

कधी जावे?

शाळेच्या सुट्ट्या आणि तिथला मोसम यांचा मेळ बसत नाही, ही खरी अडचण. दिवाळीच्या सुट्टीत ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचा काळ असतो. नाताळात हवा बरी, पण गर्दी आणि दर दोन्ही चढे. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा त्याही आधी येते. त्यामुळे उन्हाळी सुट्टीत जायचे तर एप्रिल अखेरपर्यंत परतणे चांगले. शाळेचे बंधन नसेल तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ. मात्र या महिन्यांत पाऊस नसल्याने गोडे पाणी जपून वापरावे लागते.

किती दिवस, कसे वाटावेत?

सात रात्रींचा हिशोब असा मांडता येईल : पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मधल्या चार शहीद द्वीपावर आणि शेवटच्या दोन पुन्हा पोर्ट ब्लेअर. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरुत विमान बदलावे लागते. त्या दिवशी आणखी काहीही ठरवू नये.

शेवटच्या दोन रात्री या आखणीचा कणा आहेत. बोट रद्द झाली, तरी हाताशी एक दिवस उरतो आणि परतीचे विमान चुकत नाही. सगळे सुरळीत झाले, तर तो दिवस सेल्युलर जेलसाठी. सात कक्षांपैकी आज तीनच उभे आहेत. सावरकरांची कोठडी पाहायची म्हणून अनेक मराठी ज्येष्ठ अंदमानला येतात. ती दोन बोटींच्या मधल्या तासाभरात उरकण्याची जागा नव्हे.

बोटीचे गणित काय?

सरकारी आणि खासगी अशा दोन्ही बोटी चालतात. खासगी बोट वातानुकूलित आणि वेगवान असते. सरकारी बोट स्वस्त असते, पण तिचे तिकीट पर्यटकाला मिळेलच असे नाही. बेटवासीयांसाठी ती आपल्या एसटीसारखी आहे : दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळे तिच्यावर अवलंबून. त्यामुळे त्यांना प्राधान्य असते आणि ते योग्यच आहे.

बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसावे. निघण्यापूर्वी हलके खावे आणि गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. जेटीवर सामान घेऊन चालावे लागते. म्हणून चार मोठ्या बॅगांऐवजी प्रत्येकाची एक छोटी बॅग बरी.

बेटावरचा दिवस कसा असतो?

अंदमान खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ भारताचेच. डिसेंबरात पहाटे साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाचलाच सूर्य मावळतो. म्हणजे दिवस सकाळी सुरू व्हावा, दुपारी थांबावा आणि रात्री नऊला संपावा, हेच सोयीचे.

त्याहून महत्त्वाचे वेळापत्रक ओहोटीचे. लक्ष्मणपूरजवळची नैसर्गिक दगडी कमान ओहोटीतच नीट पाहता येते. तेव्हा खडकांतल्या डबक्यांत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात. मुलांना दोन तास पुरत नाहीत. पण खडक निसरडे असतात. गुडघेदुखी असलेल्यांनी तिथे न जाता भरतपूरच्या किनाऱ्यावरून काचेच्या तळाच्या बोटीत बसावे. पोहता न येणाऱ्यालाही प्रवाळ पाहण्याची ती सोपी वाट आहे. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. ती आदल्या रात्री निवासातच विचारून घ्यावी.

स्कूबा डायव्हिंगसाठी साधारणपणे किमान वय १० वर्षे धरले जाते. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला हवाच. शेवटचे डायव्हिंग आणि विमानप्रवास यांत किमान १८ तासांचे अंतर ठेवावे.

तयारी कोणती?

बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठ्या उपचारांसाठी पोर्ट ब्लेअर गाठावे लागते. म्हणून रक्तदाब, मधुमेहाची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त न्यावीत, तीही हातातल्या पिशवीत. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून अंदमानचे इंटरनेट सुधारले आहे, तरी छोट्या बेटावर नेटवर्कचा भरवसा धरू नये. रोख रक्कम आणि तिकिटांच्या छापील प्रती सोबत असाव्यात. वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम आणि खडकांसाठी पट्ट्याच्या चपला विसरू नयेत.

काय टाळावे?

पहिले, बाराटांगची एका दिवसाची धाव. त्यासाठी पहाटे तीन-चारला निघावे लागते आणि रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ताफ्याने जातो. तिथे थांबणे, फोटो काढणे, खाऊ देणे हा गुन्हा आहे. तरीही अनेक जण खिडकीतून ‘जारवा दिसतात का’ हेच पाहत जातात. माणसे हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, हे मुलांना सांगण्याचा सोपा मार्ग म्हणजे ही फेरी वगळणे.

दुसरे, प्रवाळाचा तुकडा खिशात घालणे. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे; किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही आणता येत नाही. तिसरे, मगरींच्या सूचनाफलकांकडे दुर्लक्ष. खारफुटीच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. फलक असेल तिथे पाण्यात उतरू नये.

हे सगळे पाळले, तर चार दिवसांत पाहिलेल्या ठिकाणांची यादी छोटीच होईल. पण समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली, तरी कुटुंबाला फक्त आणखी एक दिवस किनाऱ्यावर मिळेल. विमान, औषधे आणि मनःस्वास्थ्य तिन्ही शाबूत राहतील.