दोरीचं इंजिन

बोरी अरबच्या आसपास अडाण नदीच्या काठानं ज्यांची वावरं आहेत, त्यांच्या कोठ्यात अजूनही एखादं दोरीनं चालू होणारं पेट्रोल-रॉकेलचं इंजिन पडलेलं सापडतं. एका सिलिंडरचं, दोन-अडीच हॉर्सपॉवरचं, पुढं पंप जोडलेलं. नदीला पाणी आहे तोवर तुरीला नाहीतर हरभऱ्याला एखादं ओलीत द्यायचं, एवढंच त्याचं काम. विहिरीवर मोटर बसली, बोअरमध्ये सबमर्सिबल उतरली, मग सौर पॅनल आले आणि हे इंजिन ढेपेच्या पोत्यांमागं सरकत गेलं. भंगारवाला ते किलोच्या भावानं मागतो. आमच्याही कोठ्यातलं मागून झालं होतं. देण्याआधी चालतं का ते पाहावं म्हणून दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडं नेलं आणि त्याच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून राहिलो.

मिस्त्रीनं दोरीला हातच लावला नाही. मी ओढायला वाकलो तर म्हणाला, "वढू नोका भाऊ. आंधी आत काय हाय ते पाहू द्या." वर्षानुवर्षं पडून असलेल्या इंजिनात पिस्टन गंजानं सिलिंडरला धरून बसलेला असू शकतो. अशा वेळी जोर लावला तर रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे जातात. म्हणजे शंभर रुपयांत होणारं काम हजारांवर जातं. त्यानं प्लग काढला, भोकातून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण थोडं सोडलं आणि इंजिन सावलीत सरकवून दुसऱ्याच्या फवारणी पंपाला लागला. "मुरू द्या रातभर." जुनं इंजिन चालू करण्यातला बराचसा वेळ असा काहीही न करण्यात जातो आणि गिऱ्हाइकाला नेमका तोच सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी पंख्यावरचं पत्र्याचं झाकण काढलं तर आत उंदरानं संसार थाटलेला. कापूस, सुतळीचे धागे, सरकीची टरफलं, सगळं सिलिंडरच्या पात्यांमध्ये गच्च बसलेलं. हे इंजिन हवेवर थंड होतं. पाती बुजली की ते चालू होईल, पण वीस मिनिटांत तापून अडकेल. सायलेन्सरचं तोंडही बंद होतं. कुंभारीण माशीनं आत मातीची घरं करून ठेवली होती. मिस्त्रीनं तार घालून ती फोडली आणि सायलेन्सर जमिनीवर आपटला. त्यातून निघालेली माती मूठभर तरी होती. अशी कोंडी असेल तर ठिणगी चांगली, पेट्रोल चांगलं, सगळं चांगलं असूनही इंजिन फुरफुरून गप्प बसतं, आणि माणूस नाहक कार्बोरेटर खोलत बसतो.

मग त्यानं हातानं चाक हळूच फिरवलं. पिस्टन सुटला होता.

इथून पुढं प्रश्न तीनच: ठिणगी पडते का, पेट्रोल पोचतं का, आणि सिलिंडर हवा धरतो का. कुठल्याही पेट्रोल इंजिनाला हेच तीन विचारायचे असतात, मग ते बोरी अरबच्या नाल्यावरचं असो नाहीतर इंग्लंडातल्या कुणाच्या बंगल्यामागच्या हिरवळीवरचं. तिकडं गवत कापायच्या जुन्या पेट्रोल यंत्रांना पुन्हा चालू करायचा मोठा शौक आहे. कात्रीसारखी पाती असलेला रूळ फिरतो आणि गवत खालच्या पोलादी पट्टीवर कापलं जातं, असं ते यंत्र. ते एडविन बडिंग नावाच्या माणसानं १८३० साली काढलं. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडच्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र होतं, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. पुढं १९२१ मध्ये अ‍ॅटको कंपनीची पेट्रोलवरची यंत्रं आली आणि त्यांत विलियर्सची इंजिनं बसू लागली. विलियर्स ही वुल्व्हरहॅम्प्टनची कंपनी, स्थापना १८९८ ची. १९५६ साली तिनं आपलं वीस लाखावं इंजिन लंडनच्या सायन्स म्युझियमला दिलं. त्याच धाटणीची इंजिनं पुढं मद्रासकडं एन्फिल्ड कंपनीनं बनवली आणि ती आपल्याकडं शेतीवर आली. साहेबानं ज्यावर गवत कापलं, त्याच्याच भावकीतल्या इंजिनावर आपण हरभरा भिजवला. कापसाच्या मुलखात बसून हे आठवलं की कापड कातरायच्या यंत्रापासून सुरू झालेला तो प्रवास अगदीच परका वाटत नाही.

मिस्त्रीला या वंशावळीचं काही नव्हतं. त्याला ठिणगी पाहायची होती. प्लग वायरीला जोडून त्याची धातूची बाजू इंजिनावर टेकवली आणि आता पहिल्यांदा दोरी ओढली. काहीच नाही.

या इंजिनाला बॅटरी नसते. चाकातच लोहचुंबक बसवलेले असतात. चाक फिरलं की ते कॉइलजवळून जातात, कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी प्लगवर ठिणगी पडते. म्हणून दोष बहुधा चाकामागं असतो आणि चाक काढणं हेच अवघड. मधला नट सैल करून चाकावर हातोडा घालणारे कारागीर आहेत. असं केलं तर चुंबक कमजोर होतात आणि कधी दांडाच वाकतो. या मिस्त्रीनं पुलर लावला, बोल्ट थोडा थोडा आवळत गेला, मध्येच थांबून त्यावर एक टिचकी दिली आणि चाक 'टक्' करून मोकळं झालं.

आत पॉइंटच्या दोन्ही टिकल्यांवर पांढुरका थर चढला होता. ठिणगी न पडायला एवढंच पुरतं. बारीक पॉलिश पेपरनं त्यानं त्या घासल्या. मग लग्नपत्रिकेचा एक कोरा तुकडा दोन्हींच्या मध्ये घालून ओढून काढला. तुकड्यावर काळी रेघ उमटली. दुसरा घातला, रेघ फिकी. तिसरा कोरा निघाला तेव्हा त्याचं समाधान झालं. पॉलिश पेपरची भुकटी टिकल्यांवर राहिली तरी करंट अडतो, म्हणून हा उपद्व्याप.

आता फट लावायची. पॉइंट पूर्ण उघडतात तेव्हा त्यांच्यामध्ये साधारण ०.४ मिलिमीटर अंतर हवं. मिस्त्रीच्या फिलर गेजची नेमकी तीच पट्टी कधीच तुटून गेली होती. त्यानं डब्यातून दाढीची चार पाती काढली, एकावर एक ठेवली आणि फटीत सरकवली. एक पातं सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचं, म्हणजे हिशेब बरोबर. पाती अडखळत आत जावीत, सैल नकोत आणि कोंबावीही लागू नयेत. स्क्रू आवळला की फट सरकते म्हणून पुन्हा मोजायचं. त्यानं पुन्हा मोजलं. मग चाक बसवून, शटर अर्धं ओढून अंधार केला आणि दोरी ओढली. प्लगवर निळी, जाड ठिणगी पडली, तिचा आवाजही आला. "पिवळी पडली असती तं कंडेन्सर बदला लागला असता," तो म्हणाला.

पेट्रोलचं काम मळकट. या इंजिनाच्या टाकीत दोन कप्पे असतात, लहान पेट्रोलचा आणि मोठा रॉकेलचा. खाली एकच कॉक, तो इकडं फिरवला की पेट्रोल, तिकडं फिरवला की रॉकेल. पेट्रोलच्या कप्प्यात जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा चिकट थर होता, वास आंबूस. टाकीत थोडं रॉकेल आणि सायकलच्या जुन्या चेनचा तुकडा टाकून ती बराच वेळ हलवली. चेन गंज सोडवते आणि मोजून बाहेरही काढता येते. खडे टाकले तर एखादा आत राहतोच.

कार्बोरेटरची वाटी खोलली. तळाशी तपकिरी गाळ, आणि जेटचं भोक बंद. जेट म्हणजे पितळेचा एक बारीक खिळा, त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र. इंजिनाला किती पेट्रोल मिळणार ते या छिद्रावर ठरतं. त्यात लोखंडी तार घातली तर छिद्र मोठं होतं आणि पुढं इंजिन कायम धूर करतं. मिस्त्रीनं वायरीतली तांब्याची एकच बट सोलून घातली, कारण तांबं पितळेहून मऊ. मग फुंकून, डोळ्याजवळ धरून उजेडात पाहिलं. फ्लोट कानाशी धरून हलवला तर आत खळखळलं. म्हणजे फ्लोटला चीर पडून पेट्रोल आत शिरलं होतं. असा फ्लोट तरंगत नाही, आणि वाटी भरून वाहते. मिस्त्रीनं चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवून दूर, मोकळ्यावर नेलं आणि त्यात फ्लोट बुडवला. एका जागेतून बुडबुडे निघाले. तीच चीर. आतलं पेट्रोल उडून जाऊ दिलं आणि मग डाग दिला, तोही अगदी कणभर. डाग जास्त झाला तर फ्लोट जड होतो आणि पुन्हा तेच दुखणं.

तिसरा प्रश्न हवेचा. दोरी ओढताना एका जागी हाताला जोर लागायला हवा, तो लागत नव्हता. त्यानं प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा ओढली. ऑइलनं जोर वाढला असता तर रिंगा गेल्या असं समजायचं. वाढला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह. हेड काढलं तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह काजळीनं अर्धवट उघडा राहिलेला. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांचं हे ठरलेलं दुखणं. व्हॉल्व्ह घासणं कंटाळवाणं काम आहे: पेस्ट लावायची, अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं, मध्ये उचलायचा, पुन्हा. दुकानातल्या पोराकडं ते दिलं गेलं. शेवटी व्हॉल्व्हवर पेट्रोल ओतून पाहिलं, खाली थेंब उतरला नाही.

मिस्त्रीचं एक मत ऐकण्यासारखं होतं. नवीन लोक पार्ट बदलतात, म्हणाला, जुने लोक पार्ट साफ करत. आमच्या तालुक्याला तसंही म्हाताऱ्या इंजिनांचं वावडं नाही. दारव्ह्यावरून जायची त्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ पासून इथं धावलं आणि थेट १९९४ च्या एप्रिलमध्ये डिझेल इंजिन आलं तेव्हा उतरलं.

चालू करायचा क्षण फार नाट्यमय नव्हता. कॉक पेट्रोलवर, चोक बंद, दोरीची गाठ पुलीच्या खाचेत अडकवून वेढे दिले. ओढली, खोकलं. ओढली, सायलेन्सरमधून उरलेली माती उडाली. चोक अर्धा उघडून ओढली आणि ते धरलं. भडभड आवाज, निळसर धूर, मग गव्हर्नरनं वेग आवरला आणि आवाज एकसुरी झाला. पोरानं पंख्यापुढं हात धरून हवा लागते का पाहिलं. मिस्त्री दुसऱ्या गाडीकडं वळलाही होता.

रॉकेलवर मात्र लगेच नेता येत नाही. थंड इंजिनात रॉकेलची वाफ होत नाही, म्हणून पेट्रोलवर पाच-दहा मिनिटं तापू द्यायचं आणि मग कॉक फिरवायचा. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, म्हणजे वाटीत पेट्रोल राहतं आणि पुढच्या वेळी चालू होतं. रॉकेल लवकर ठोकतं म्हणून हे इंजिन हवा जेमतेम पाचेक पट दाबतं, डिझेल इंजिन सोळा-सतरा पट. ताकद कमी ती त्यामुळंच. आणि एक खूण लक्षात ठेवण्यासारखी: पट्टीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. न जळलेलं रॉकेल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतंय असा त्याचा अर्थ. असं ऑइल ताबडतोब बदलावं.

नदीवर नेलं तेव्हा या इंजिनाची खरी किंमत कळली. पंप वर ठेवून पाणी खोलातून ओढता येत नाही. पुस्तकात दहा मीटर म्हणतात, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर भरवसा नाही. त्यामुळं इंजिनच खाली पाण्याजवळ उतरवावं लागतं. डिझेल इंजिन असतं तर बैलगाडी लागली असती. हे दोघांनी बांबूला बांधून दरडीवरून उतरवलं. फूटव्हॉल्व्ह पाण्यात सोडला, पंपात बादलीनं पाणी भरून हवा काढली, आणि थोड्या वेळात पाइप फुगला.

आता हिशेबाचं. रोजचं ओलीत यावर करणं परवडत नाही. हे इंजिन स्वस्त होतं ते रॉकेलमुळं, आणि रेशनचं निळं रॉकेल आता दिसेनासं झालं. ते स्वयंपाकाला आणि दिव्याला होतं, इंजिनात घालणं नियमात नव्हतंच, पण कोण काय घालत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नुसत्या पेट्रोलवर चालवलं तर खर्च वाढतो, आणि पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. २०२५ पर्यंत त्यात २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, टाकीच्या तळाशी पाणी साचतं, जुनं रबर फुगतं, लाखेचा लेप असलेले जुने भाग विरघळतात. झिजेपेक्षा हे पडून राहिलेलं पेट्रोलच या इंजिनांना संपवेल, असं माझं मत झालं आहे. तरीही ऐन घाटे भरताना वीज गेली आणि नदीत पाणी असलं, तर एक ओलीत निभावून नेणारी दुसरी वस्तू कोठ्यात नाही. भंगारात मिळणाऱ्या पैशांत ते जमणार नाही.

तुमच्याकडं असं इंजिन असेल तर हंगाम संपताना एवढं करा: कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी कोरडी होते. टाकी रिकामी करा. प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल सोडा आणि दोरी हळू ओढून जिथं हाताला जोर लागतो तिथं थांबा. तिथं दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा, आणि ती लाल घ्या, म्हणजे पुढच्या साली काढायची राहणार नाही.