यंत्र आमचे, कुलूप मात्र कंपनीचे

संगणक आम्ही पदरचे पैसे मोजून घेतो. पण त्याच्या पडद्यावर चित्र उमटविणारी चिप चालते कशी, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे काय? चिप बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे याचे उत्तर 'नाही' असेच दिले.

चिपकडून काम करून घेणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहायचा तर चिपची तांत्रिक माहिती हवी. एनव्हिडिया कंपनीने ती दडवून ठेवली. लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, तोही बंद पेटीतला. तेव्हा स्टेफान मार्शेसां यांच्या पुढाकाराने २००६ च्या सुमारास 'नूवो' हा खुला ड्रायव्हर उभा राहू लागला. नूवो म्हणजे फ्रेंच भाषेत 'नवा'.

माहितीच नाही, तर ड्रायव्हर लिहिला कसा? कंपनीचाच ड्रायव्हर चालवायचा, एखादे साधे चित्र काढायला लावायचे आणि त्याआधी व त्यानंतर चिपच्या रजिस्टरांतील कोणते आकडे बदलले ते टिपायचे. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या कार्डांच्या नोंदी पाठविल्या. त्या ताडून एकेका आज्ञेचा अर्थ लावला गेला. २०१० मध्ये नूवो लिनक्सच्या २.६.३३ आवृत्तीत दाखल झाला. हे फळ दयेचे नव्हे, कष्टाचे आहे!

त्याचे मोल पाहा. २००६ साली आलेल्या 'जीफोर्स ८८००' च्या पिढीला कंपनीने २०१९ अखेर वाऱ्यावर सोडले. नूवोमध्ये त्या कार्डांना आधार राहिला. वेग कमी असेल, पण चालते यंत्र भंगारात जाण्यापासून वाचते.

मग कंपनीने कुलूपच बदलले. २०१४ च्या 'जीफोर्स ९००' मालिकेपासून कंपनीची डिजिटल सही असल्याशिवाय चिप फर्मवेअर स्वीकारीना. त्यामुळे नूवोला चिपचा वेग वाढविता येईना. कसब होते, पण किल्ली कंपनीच्या खिशात! मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा लिनक्सच्या गाभ्यात चालणारा भाग खुला केला. त्याचे स्वागतच आहे. पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या चिपांपुरता. फर्मवेअर तर बंदच राहिले. मधल्या कार्डांच्या मालकांनी काय गुन्हा केला?

माहिती दिली तर धंदा बुडतो, हा युक्तिवाद पोकळ आहे. एएमडीने सप्टेंबर २००७ मध्ये माहिती खुली करण्याचे जाहीर केले व पुढे तशी कागदपत्रेही दिली. ती कंपनी काही बुडाली नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वस्तू विकली की ती चालविण्याची माहितीही ग्राहकाची झाली पाहिजे. निदान जनतेच्या पैशातून होणाऱ्या संगणक खरेदीत तरी ही अट घातली पाहिजे. स्वयंसेवकांनी रात्री जागवून कुलपे उघडायची आणि कंपन्यांनी नवी लावायची, हे किती दिवस चालणार?