वलगणीचें पाणी आणि माशांचीं अंडीं

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून कशेडीच्या उतारावरचे ओढे दुथडी वाहूं लागले, म्हणजे सावित्रीच्या खोऱ्यांतील मासे धारेच्या उलट चढून भातखाचरांत शिरतात. ही वलगण अंडीं घालण्यासाठीं असते, हें वाचकांस ठाऊक आहेच. परंतु अंडें पाण्यांत पडल्यावर त्याचें काय होतें, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

कोंबडीच्या अंड्यास आईची ऊब मिळते. माशाच्या अंड्यास भोंवतालचें पाणी हीच ऊब व तोच श्वास. (मरळ अंड्यांची राखण करते, पण ऊब तिलाही देतां येत नाहीं.) पाणी ऊन असल्यास वाढ झपाट्यानें होते. रोहू-कटल्याचें अंडें सुमारें २८ अंश उष्णमानांत एका दिवसाच्या आंत फुटतें. या थोड्या तासांत जें घडतें त्याची खूण जन्मभर राहते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनीं एकाच जोडीचीं ट्राउट माशाचीं अंडीं निरनिराळ्या उष्णमानांत ठेविलीं, तेव्हां पिलांच्या मणक्यांची संख्याच निरनिराळी भरली!

प्राणवायूचीही तीच गोष्ट. आपल्याच देशांतील पट्टेरी दानिओ हा लहानसा मासा अंड्यापासून प्राणवायु कमी असलेल्या पाण्यांत वाढविला असतां त्यांत नर अधिक निपजतात, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. खाचरांत ही अडचण सहज उद्भवते. पावसानें उघडीप दिली कीं उथळ पाणी तापतें. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो, आणि नेमका तेव्हांच वाढत्या गर्भास तो अधिक हवा असतो. त्यांत कच्चें शेण किंवा उपटलेलें तण कुजत असेल, तर उरलेला प्राणवायुही तेंच खातें.

१९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांत माशांस ग्रंथिरस टोंचून त्यांच्याकडून अंडीं घालविलीं. पुराची सूचना अशी सुईनें देतां आली. अंड्यांस लागणारें ताजें पाणी मात्र मत्स्यबीजकेंद्रांत आजही खेळतें ठेवावेंच लागतें.

वलगण खाऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु बांधाच्या प्रत्येक तोंडाशीं सापळा लावून पोटांत अंडीं असलेली मादी सरसकट धरणें हें बियाणें दळून खाण्यासारखें आहे. पाण्यांत विष घालणें तर १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरलें आहे. निदान एक तोंड मोकळें ठेवावें, त्या आठवड्यांत तणनाशक मारूं नये, आणि लावणीपूर्वीं पाणी काढावयाचें झाल्यास तें ओढ्याकडे हळूहळू सोडावें, म्हणजे पिलांस त्याबरोबर उतरतां येईल.