चिमूटभर चहाचा हिशेब

चीनमध्ये दरवर्षी तयार होणारा चहा 30 लाख टनांच्या पुढे गेला आहे. जगातला जवळपास निम्मा चहा एकट्या चीनचा. दुसरा क्रमांक आपला, पण आपलं उत्पादन 14 लाख टनांच्या आसपास. चिनी चहापारखी चव तपासायला बसतात तेव्हा 3 ग्रॅम पानांवर 150 मिलिलिटर उकळतं पाणी ओततात. त्या मापाने 30 लाख टनांचे कप होतात एक लाख कोटी. सेकंदाला एक कप या वेगाने न थांबता मोजत बसलं, तर मोजणी संपायला 31 हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. आणि हा हिशेब एकदाच पाणी घातल्याचा आहे. चीनमध्ये तीच पानं चार-पाच वेळा भिजवतात, उत्तम ऊलाँग चहा असेल तर सात-आठ वेळाही. चीनच्या एकूण चहातला परदेशी जातो तो आठवा-नववा हिस्सा. उरलेला बहुतेक चिनी लोक स्वतःच पितात.

लाख कोटी म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. हा आकडा खरा अंगावर येतो तो उलट्या टोकाकडून, त्या 3 ग्रॅमच्या चिमटीकडून.

सूचौ शहराजवळ ताय नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या काठच्या तोंगतिंग टेकड्यांवर बीलुओचुन नावाचा हिरवा चहा होतो. कोंब इतके कोवळे, की उत्तम प्रतीच्या 500 ग्रॅम चहात 60 ते 70 हजार भरतात. म्हणजे 3 ग्रॅममध्ये सुमारे 400. यातला एकेक कोंब कुणीतरी दोन बोटांनी खुडलेला असतो. सर्वांत मोलाची खुडणी 5 एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या छिंगमिंग सणाच्या आधीची, तेव्हा हाताशी दिवस मोजकेच. एक किलो चहासाठी चार ते पाच किलो ताजी पानं लागतात, कारण ताज्या पानाचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. खुडलेलं पान तापल्या कढईत उघड्या हाताने परतून सुकवायचं. हांगचौ शहराचा लोंगचिंग चहाही असाच होतो. त्याच्या एका किलोत 70 ते 80 हजार कोंब. चीनची चहा तयार करण्याची पारंपरिक कौशल्यं 2022 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, ती या हातांमुळे.

घटक म्हणाल तर पेल्यात फक्त पान असतं. दूध नाही, साखर नाही, आलं-वेलची नाही. हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, काळा (चिनी लोक याला लाल म्हणतात) आणि मुरवलेला गडद, हे सहाही प्रकार कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे. पान किती कोमेजू दिलं, किती चुरगाळलं, कधी भाजलं, यावर प्रकार ठरतो. सुक्या पानात 18 ते 36 टक्के पॉलिफेनॉल्स असतात, त्यातून तुरटपणा येतो. 2 ते 4 टक्के कॅफीन असतं. थिॲनीन नावाचं अमिनो आम्ल असतं, जे 1949 साली जपानी संशोधकांनी चहातून वेगळं केलं. चहाच्या गोडसर चवीत त्याचा वाटा असतो. सगळ्यात थक्क करतो तो सुवास. चहात 700 हून अधिक सुगंधी संयुगं सापडली आहेत, आणि त्या सगळ्यांचं मिळून वजन सुक्या पानाच्या 0.01 ते 0.03 टक्के. एका कपापुरत्या पानांत ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. खोलीभर दरवळणाऱ्या वासामागे एवढंसंच द्रव्य आहे, हे वाचल्यापासून मी झाकण उघडून वास घेतल्याशिवाय चहा ओतत नाही.

काही चहांना सुवास बाहेरून देतात, आणि तिथे आपल्या ओळखीचं फूल भेटतं. चिनी जास्मिन चहात वापरलं जाणारं फूल म्हणजे मोगरा. हे झुडूप आपल्याच बाजूने शेकडो वर्षांपूर्वी चीनमध्ये गेलं. आज क्वांगशी स्वायत्त प्रदेशातल्या हंगचौ (लोंगचिंगचं हांगचौ वेगळं) परिसरात वर्षाला सुमारे 1 लाख टन मोगऱ्याची फुलं निघतात. चीनमधला 80 टक्के मोगरा तिथला. मिटलेल्या कळ्या दुपारी तोडतात. रात्री त्या उमलायला लागल्या की चहाच्या थरात मिसळतात, पहाटेपर्यंत पान वास पिऊन घेतं, मग फुलं चाळून काढतात आणि चहा पुन्हा सुकवतात. पुढच्या खेपेला नवी फुलं. उंची चहावर हा विधी सात-सात, नऊ-नऊ वेळा होतो. एक किलो चहामागे कित्येक किलो मोगरा जातो, आणि शेवटी पुडीत बहुधा एकही पाकळी उरलेली नसते.

आकड्यांत मला सर्वांत जड वाटतो तो 1908 सालचा. अर्नेस्ट विल्सन या इंग्रज वनस्पतिशोधकाने त्या वर्षी पश्चिम सिचुआनमध्ये दोन हमालांचा फोटो काढला. तिबेटसाठी दाबून केलेल्या चहाच्या विटा त्यांच्या पाठीवर रचलेल्या आहेत, ढीग डोक्याच्याही वर गेलेला. विल्सनने वजनं नोंदवून ठेवली: एकाच्या पाठीवर 317 पौंड, दुसऱ्याच्या 298. म्हणजे 144 आणि 135 किलो. वाट डोंगरी, खडकाळ, आणि चाल दिवसाला जेमतेम 10 किलोमीटर. मुक्काम गाठायचा तो सुमारे 2,500 मीटर उंचीवरचं आजचं कांगतिंग. ओझं उतरवलं तर पुन्हा उचलणं अशक्य, म्हणून उभ्या उभ्याच टेकण म्हणून मागे काठी लावून ते दम खायचे. पिढ्यान्‌पिढ्या काठ्यांची टोकं त्याच दगडांवर टेकत राहिली आणि दगडांना खळगे पडले. ते खळगे आजही दिसतात.

समुद्रावरचा हिशेब वेगळाच. गेल्डरमाल्सेन हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज कँटनहून माल भरून निघालं आणि 3 जानेवारी 1752 रोजी दक्षिण चीन समुद्रात खडकावर आपटून बुडालं. पोटात जवळपास 6 लाख 87 हजार पौंड चहा होता. चिनी मातीची भांडी लाखोंनी होती, त्यात 63,623 कपबश्या आणि 578 चहादाण्या. तरी एकूण मालाच्या किमतीत चहाचा वाटा निम्म्याहून जास्त, आणि भांड्यांचा विसावा भागही नाही. भांडी नेण्यात व्यवहारी शहाणपण होतं: पाण्याने न बिघडणारा जड माल तळाशी रचला की जहाज स्थिर राहतं आणि वरचा चहा कोरडा राहतो. कपबशीचा इतका कल्पक उपयोग दुसरा सापडणार नाही. बुडाल्यावर चहाने हे उपकार फेडले. सव्वादोनशेहून अधिक वर्षं त्या कुजलेल्या चहाच्या थराने भांड्यांना गादीसारखं सांभाळलं. 1985 मध्ये अवशेष सापडले, आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये दीड लाखाच्या आसपास नग लिलावात गेले.

चहाच्या भांड्यांची गोष्ट याहून जुनी आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात चहाची पूड पाण्यात घुसळून फेस आणायचे. पांढरा फेस उठून दिसावा म्हणून काळे वाडगे हवेत, आणि ते फूचियेन प्रांतातल्या च्येन भट्ट्यांत भाजले जायचे. डोंगराच्या उतारावर चढत गेलेल्या तिथल्या एका भट्टीची लांबी 135.6 मीटर आहे. एका खेपेला 1 लाखाच्या वर वाडगे निघत असावेत असा अंदाज आहे. ज्यांच्या काळ्या चकाकीवर निळ्या कडांचे ठिपके उमटले, असे अखंड वाडगे आज जगात तीन मानले जातात. तिन्ही जपानमध्ये आहेत आणि तिन्ही तिथे राष्ट्रीय ठेवा आहेत. लाखांतून तीन! कुंभाराला तो रंग मागून मिळत नव्हता, आगीच्या मर्जीने मिळायचा.

टोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात सोंग काळातला एक हिरवट वाडगा आहे. त्याची हकिकत सांगतात ती अशी: जपानचा सत्ताधीश शोगुन योशिमासा याने तडा गेलेला हा वाडगा चीनला पाठवला आणि तसाच दुसरा मागितला. तेव्हाच्या मिंग राजवटीतल्या कारागिरांनी कळवलं, असा आता होणे नाही. त्यांनी तड्यावर धातूचे टाके मारून तोच परत धाडला. आज त्या टाक्यांमुळेच तो प्रसिद्ध आहे.

लिलावाचे आकडे मात्र मला कमी हलवतात. 2014 मध्ये 8 सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचा, कोंबड्यांचं चित्र असलेला मिंग काळातला पेला हाँगकाँगमध्ये 28 कोटी हाँगकाँग डॉलरला गेला. तो मद्याचा पेला, पण ल्यू यीछ्येन या खरेदीदाराने त्यातून चहा प्यायला, आणि त्यावर बराच गदारोळ झाला. मला त्याचं करणं पटलं. पेला ओठांना लावण्यासाठी घडवलेला असतो.

तेच घरच्या भांड्यांचं. यीशिंगच्या जांभळट मातीच्या चहादाणीला चकाकीचा थर नसतो. ती वास धरून ठेवते, म्हणून एका दाणीत एकाच प्रकारचा चहा करायचा. तिची चोच तुटली तर तीत छोटं रोप छान वाढतं. गायवान, म्हणजे झाकण आणि बशी असलेला चिनी पेला, चकाकीदार असल्याने वास धरत नाही. त्यात केशर भिजवा, गवती चहा करा, धुतला की पुन्हा कोरा. आणि चिनी चहाच्या तबकात मातीचा बेडूक किंवा डुक्कर बसवलेलं असतं, उरलेला चहा त्याच्या अंगावर ओततात. वर्षानुवर्षं चहा पिऊन त्या मातीला तुकतुकी येते.

आता पुन्हा पानांकडे. चीनच्या वूयी डोंगरातल्या एका कड्यावर दाहोंगपाओ या चहाची मूळ झुडपं आहेत, फक्त सहा. 2005 मध्ये त्यांचा 20 ग्रॅम चहा 2,08,000 युआनला गेला. 2006 पासून त्यांची पानं खुडणं बंद आहे. बाजारात मिळणारा दाहोंगपाओ कलमांनी वाढवलेल्या झुडपांचा किंवा मिश्रणाचा असतो, आणि त्यातला चांगलाही आपल्या खिशाला झेपतो. 100 मिलिलिटरच्या गायवानात 5 ग्रॅम घ्या, उकळतं पाणी ओता, दहा-पंधरा सेकंदांत गाळा. मग पुन्हा, दर खेपेला थोडं जास्त थांबून. सातव्या पाण्यापर्यंत तरी पानं फेकू नका.