लाकडी गरुड आणि चंद्राची तोफ

पंचतंत्रात एका विणकराची गोष्ट आहे. हा विणकर राजकन्येवर अनुरक्त होतो. पण अंतःपुरात त्याचा प्रवेश व्हावा कसा? तेव्हा त्याचा मित्र रथकार त्याला एक लाकडी गरुड करून देतो. कळ फिरविली की हा गरुड आकाशात उडतो. विणकर विष्णूचा वेष धारण करून त्यावर आरूढ होतो आणि राजकन्येच्या महालात उतरतो. जावई प्रत्यक्ष परमेश्वर आहे, या भरवशावर राजा शेजारच्या राजांशी वैर ओढवून घेतो आणि शत्रू राजधानीस वेढा घालतात. आता मात्र विणकर मरणाची तयारी करून गरुडासह रणात उतरतो. आणि आपल्या नावाची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून खरा विष्णूच त्याच्या देहात प्रवेश करून त्यास विजय मिळवून देतो.

ही कथा ऐकताना गरुडाचे वजन किती होते, त्याचे पंख कोणत्या शक्तीने हलत, असे कोणी विचारीत नाही. कथेचा रस यंत्रात नाही. सोंग घेतलेल्या मनुष्यावर सोंगाप्रमाणे वागण्याची पाळी येते, त्या क्षणात तो आहे. गरुड उडतो एवढे श्रोत्याने मान्य करावे, म्हणजे कथा पुढे जाते. अद्भुतकथेचे आकर्षण हे अशा प्रकारचे असते.

हिशेब मागणारी कथा

१८६५ साली फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने चंद्रावरील स्वारीची कादंबरी प्रसिद्ध केली. हाही आकाशगमनाचाच प्रकार. परंतु येथे लेखक वाचकासमोर आकडे मांडतो. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात ९०० फूट, म्हणजे सुमारे २७५ मीटर लांबीची तोफ जमिनीत उभी ओतावयाची आणि तिच्यातून सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने गोळा सोडावयाचा. गोळ्यात तीन प्रवासी बसावयाचे. पृथ्वीचे आकर्षण तोडून जाण्यास लागणारा वेग साधारण एवढाच असतो, हे खरे आहे.

ज्या लेखकाने आकडे दिले, त्याची परीक्षा वाचकास घेता येते. गोळ्याचा वेग शून्यापासून ११ किलोमीटरपर्यंत एकसारखा वाढला असे धरले, तर तोफेतील त्याचा सरासरी वेग साडेपाच किलोमीटर होतो. या वेगाने २७५ मीटर अंतर काटण्यास सेकंदाचा विसावा भाग पुरतो. इतक्या अल्प काळात एवढा वेग यावयाचा, तर प्रवाशाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे २२,००० पट दाब येईल. साठ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य क्षणभर १,३०० टनांच्या भाराखाली सापडेल. व्हर्नने धक्का शमविण्यासाठी गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर योजिला होता. परंतु एवढ्या भारापुढे त्याचा काय पाड लागणार? प्रवासी तोफेच्या तोंडापर्यंतही जिवंत पोहोचले नसते.

चुकीचे फळ

मग ही कथा व्यर्थ गेली काय? तसे मुळीच नाही. रशियातील त्सिओल्कोव्हस्की आणि ट्रान्सिल्व्हेनियात वाढलेला हेर्मान ओबेर्थ हे दोघेही व्हर्नचे वाचक होते. ओबेर्थने तर विद्यार्थिदशेतच तोफेचे गणित करून पाहिले आणि त्यातील घातक दोष ओळखला. वेग एका क्षणात न देता हळूहळू वाढवीत नेला पाहिजे आणि त्यासाठी अग्निबाण हेच योग्य साधन आहे, ही दिशा दोघांनीही धरली. त्सिओल्कोव्हस्कीचा अग्निबाणावरील निबंध १९०३ साली आणि ओबेर्थचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ हे यान फ्लॉरिडातूनच तीन प्रवाशांना घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्यावर आलेला भार वजनाच्या सुमारे चौपटीपलीकडे गेला नाही.

चूक सापडण्याजोगी असणे, हाच विज्ञानकथेचा विशेष गुण होय. लाकडी गरुडात चूक सापडत नाही. कारण त्याने तपासणीचे आव्हान कधी दिलेलेच नसते.

सीमेवरील प्रदेश

या दोन प्रकारांमधील सीमा नेहमीच इतकी स्पष्ट नसते. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९०१ सालच्या कादंबरीत आपले प्रवासी चंद्रावर पाठविले, ते गुरुत्वाकर्षण अडविणाऱ्या एका काल्पनिक पदार्थाच्या साहाय्याने. आपण तोफेची दारू वापरली, वेल्सने मात्र अस्तित्वातच नसलेले द्रव्य कल्पिले, अशी तक्रार व्हर्नने केली. पुढे वेल्सनेही आपल्या या कथा कल्पनारम्यच असल्याचे मान्य केले. एकच अशक्य गोष्ट गृहीत धरावी आणि बाकी सारे व्यवहार मानवी स्वभावास धरून चालवावे, अशी त्याची रीत होती. रथकाराच्या गरुडापासून ती फार दूर नाही.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली लिहिलेल्या बंगाली कथेत केसांच्या तेलाची एक बाटली समुद्रात ओतताच वादळ शमते. तेलाच्या पातळ थराने पाण्यावरील लहान लाटा दबतात, हे निरीक्षण खरे आहे. एका बाटलीने चक्रीवादळ थांबेल, ही मौज आहे. स्वतः पदार्थवैज्ञानिक असलेल्या लेखकास हा भेद पूर्णपणे ठाऊक होता आणि वाचकानेही तो ओळखून हसावे, अशीच त्याची योजना होती.

हा भेद विसरला म्हणजे हानी होते. विणकराच्या गरुडास प्राचीन विमानविद्येचा पुरावा ठरविणारा मनुष्य विज्ञानाचा अपमान करतो आणि कथेचाही. कारण त्याला त्या भित्र्या विणकराचे धैर्य दिसतच नाही. उलट, मुलाच्या हातातील परीकथा असत्य म्हणून काढून घेणाराही तितकाच चुकतो. मनुष्याला काय हवेसे वाटते, कशाचे भय वाटते, हे अद्भुतकथा सांगते. ते हवेसे वाटणारे कोणत्या नियमांनी आणि किती किमतीस मिळेल, हे विज्ञानकथा विचारते. आकाशात उडण्याची इच्छा प्रथम गरुडाच्या पाठीवर बसली, मग तिने तोफेचा हिशेब मांडला आणि तो चुकला तेव्हा दुसरा मांडला. मुलांना दोन्ही कथा द्याव्या. आणि दुसरीबरोबर कागद व पेन्सिलही द्यावी.