पाकिटावरचे शिक्के काय सांगतात?

मुलांनो, गेल्या डिसेंबरात आम्ही साताऱ्याजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. तिथे आत्यांच्या ट्रंकेत एक जुने पाकीट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात आजोबांनी पलटणीतून घरी पाठवलेले. आतले पत्र हरवले आहे. आजोबा लढाईविषयी कधी बोलले नाहीत. घरात एवढेच ठाऊक, की ते 'मिसरला होते'. आत्या म्हणाल्या, "तुम्ही इंजिनियर ना? बघा, यावरून काही कळतं का."

मग आम्ही शिकलो ते असे.

पाकिटावर तिकीट नाही. वर 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस' असे लिहिले आहे. आघाडीवरून आलेल्या पत्रांवर हे शब्द नेहमी दिसतात.

दुसरी खूण गोल शिक्क्याची. त्यात 'एफ.पी.ओ.' म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, एक क्रमांक आणि तारीख आहे. गावाचे नाव मुद्दामच नाही. पत्र शत्रूच्या हाती पडले तरी फौज कुठे आहे, हे कळू नये. शिवाय असे पोस्ट फौजेबरोबर फिरे. आज इजिप्तमध्ये, तर काही महिन्यांनी इटलीत. म्हणून नुसत्या क्रमांकावरून ठिकाण ठरवू नये. क्रमांक आणि तारीख अशी जोडी लागते.

तिसरी खूण सेन्सॉरची: मुकुटाचे चित्र, 'पास्ड बाय सेन्सर' हे शब्द आणि आणखी एक क्रमांक. हा क्रमांक त्या शिक्क्याचा, पोस्टाचा नव्हे. आम्ही आधी इथेच फसलो! काही पाकिटांच्या कडेला 'ओपन्ड बाय एक्झामिनर' असे छापलेली कागदी पट्टी असते. म्हणजे पाकीट फोडून, पत्र वाचून ते पुन्हा चिकटवलेले. पहिल्या महायुद्धातही फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांची पत्रे अशीच तपासली जात. त्यांत मराठी पत्रेही होती.

टपालसंग्राहकांनी एफ.पी.ओ. क्रमांकांच्या याद्या पुस्तकांत छापल्या आहेत. ग्रंथालयातून तसे पुस्तक मागवून आम्ही क्रमांक आणि १९४४ ची तारीख जुळवली. उत्तर आले, इटली! नाईक यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तोही इटलीतच.

आत्यांना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा मी चार वर्षांची होते."

सुट्टीत भारतात जाल तेव्हा घरातली जुनी पाकिटे दोन्ही बाजूंनी पाहा. मात्र तिकीट कापू नका, पाण्यात भिजवू नका. तिकिटाबरोबर शिक्काही जातो, आणि खरी गोष्ट शिक्क्यातच असते.